नाशिकहून क्रूझला: केबिन, जेवण आणि उतरण्याची सकाळ

जहाजावर माणूस समुद्रामुळे फारसा दमत नाही, गर्दीमुळे दमतो. दीड-दोन हजार माणसं एकाच वेळी चढतात, एकाच वेळी भुकेली होतात, एकाच वेळी गोव्यात उतरायला निघतात आणि शेवटच्या सकाळी एकाच वेळी बॅगा ओढत लिफ्टपाशी येतात. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर गेलेल्या नाशिककराला हे वेगळं समजावायला नको. तिथेही पहाटे निघालेला मोकळ्या पायांनी परततो आणि उजाडल्यावर निघालेला द्वारका चौकापासूनच रेटारेटीत सापडतो. मुंबई–गोवा–मुंबई ही तीन रात्रींची सफर आम्ही चार वेळा केली. दोनदा बिनखिडकीच्या केबिनमध्ये राहिलो, एकदा खिडकीच्या आणि एकदा बाल्कनीच्या. दर वेळी जाणवलं ते हेच, की गर्दीच्या अर्धा तास आधी किंवा तासभर नंतर हलायचं ठरवलं की निम्मी दगदग संपते. खालचे बारकावे त्या अंगाने वाचावेत.

आधी निघण्याचं. मुंबईहून या सफरी पावसाळा सोडून चालतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र सर्वांत शांत असतो, मे महिन्यात लाट वाढायला लागते. जहाज संध्याकाळी सुटतं, पण प्रवेश दीड-दोन तास आधी बंद होतो. ही वेळ तिकिटावर बारीक अक्षरांत असते, तिला लाल पेनाने गोल करून ठेवा. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते आणि अकराच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते, म्हणजे हातात तीन-चार तास राहतात. एवढा वेळ लागतोच, कारण कसारा घाटात मालगाडी अडकली की मागच्या सगळ्या गाड्या थांबतात. मोठ्या बॅगा घेऊन पासधारकांच्या डब्यात चढू नका. तिथे रोजची माणसं ठरलेल्या जागांवर बसतात आणि बॅग ठेवायला जागा उरत नाही. गाडीने जाणाऱ्यांसाठी समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि घाटातला वेळ वाचायला लागला, पण वाचलेला वेळ भिवंडी-ठाण्याच्या वाहतुकीत परत जाऊ शकतो. शिवाय जहाज जिथून सुटतं त्या बल्लार्ड पियर भागात तीन-चार दिवस गाडी ठेवण्याची सोय शोधत बसावं लागतं. घरात वयस्कर माणूस असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा, हे आमचं स्पष्ट मत.

सीएसएमटीपासून धक्का दीड-दोन किलोमीटरवर आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘जहाजाचा धक्का’ सांगू नका, तो भाऊच्या धक्क्याला नेईल. मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, तिथून सुटते. आपल्याला हवं ते बल्लार्ड पियरवरचं मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल. सप्टेंबर २०२५ मध्ये या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. तिकिटावर छापलेलं गेट टॅक्सीवाल्याला दाखवा.

कागदपत्रांत अडतं ते जवळपास नेहमी एकाच ठिकाणी: पॅन कार्ड. त्यावर पत्ता नसतो, म्हणून ओळखपत्र म्हणून ते बहुतेक वेळा चालत नाही. आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ स्वरूपात न्यावा, लहान मुलांचंही. नावाचं स्पेलिंग तिकिटावर आणि आधारवर सारखं आहे का, हे तिकीट काढतानाच बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं आणि तिथेच घोळ होतो. ऑनलाइन चेक-इनचा अर्ज घरूनच भरावा, त्यात फोटो आणि आरोग्याचे प्रश्न असतात. गरोदर बाईला साधारणपणे २४ आठवड्यांच्या आत असेल तरच घेतात आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळालाही सहसा घेत नाहीत.

सामान तपासणीत नाशिककरांचं हमखास जे अडतं, ते सांगतो. वाइनची बाटली चढू देत नाहीत. ती काढून घेतात, काही जहाजं शेवटच्या दिवशी परत देतात, काही देत नाहीत. द्राक्षांची पेटी आणि घरी केलेले लाडू-थालीपीठ हेही नाही. ताजी फळं आणि घरचं अन्न यांना मनाई असते, कारण जहाजावर एकाला पोटाचा संसर्ग झाला की बंद जागेत तो झपाट्याने पसरतो. दादर-गिरगावच्या नातेवाइकांसाठी आणलेली द्राक्षं चढण्याआधीच पोचवून यायला हवं. बंद पाकिटातला चिवडा सहसा जातो. इस्त्री, पाणी तापवायचा कॉइल, विजेची किटली आणि एक्स्टेन्शन बोर्ड काढून घेतात, कारण जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची. एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल माणसं फार वाद घालतात, पण जहाजाच्या विजेची जोडणी घरापेक्षा वेगळी असते आणि घरचा बोर्ड तिथे तापू शकतो. हे सगळं घरीच ठेवलं तर रांग पंधरा मिनिटं लवकर सरकते, आपलीही आणि मागच्यांचीही.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनच्या दाराशी पोचवतात. पण दुपारी दोनला दिलेली बॅग संध्याकाळी सात-आठलाही येऊ शकते. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत औषधं, चार्जर, मुलांचे एक जोड कपडे, पोहण्याचे कपडे, शाल आणि कागदपत्रं हवीत. मधुमेहाची औषधं, इन्सुलिन हे मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका. बॅगेला चिकटवायचा कागदी पट्टा घरून छापून नेला असेल तर त्यावर सेलोटेप मारा, नुसता कागद फाटतो आणि मग बॅग कुणाची हे कळेपर्यंत रात्र होते.

आता केबिन. जाहिरातीतला फोटो खोलीच्या कोपऱ्यातून रुंद लेन्सने काढलेला असतो. आतली, बिनखिडकीची केबिन सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास धरून चाला, म्हणजे साधारण दहा बाय बाराची खोली, तीही न्हाणीघर आणि कपाटासकट. दोन पलंग जोडलेले असतात, तिसऱ्या-चौथ्या माणसाची झोपायची जागा भिंतीतून किंवा छतातून खाली ओढतात आणि शिडीने चढावं लागतं. चौघं एका केबिनमध्ये राहिले की रात्री दोन बॅगा जमिनीवर उघडायला जागा राहत नाही. उपाय एकच: बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावायचे आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवायची. कडक सुटकेसपेक्षा कापडी बॅग इथे जास्त उपयोगी, ती दबते. भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक चिकटतात. चार हुक नेले तर ओले टॉवेल, पिशव्या, ओळखपत्राच्या दोऱ्या सगळं भिंतीवर जातं. पन्नास-शंभर रुपयांची ही वस्तू आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडली.

बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा बंद केला की मिट्ट काळोख होतो. सकाळचे नऊ वाजले तरी कळत नाही. ज्यांना रात्री उठावं लागतं त्यांनी लहान टॉर्च उशाशी ठेवावी किंवा न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवावं. आणि न्हाणीघराचा उंबरठा! पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो चार-सहा इंच उंच केलेला असतो. अंधारात पाय अडकून पडण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं ठिकाण आहे. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दिवसाउजेडी चार वेळा तो ओलांडून सवय करू द्या. चाकाची खुर्ची लागत असेल तर रुंद दाराची, बिनउंबरठ्याची केबिन मिळते, पण अशा केबिन मोजक्या असतात आणि त्या तिकीट काढतानाच मागाव्या लागतात.

शौचालय हवेच्या दाबावर चालतं. झाकण लावून बटण दाबायचं, मोठा फस्स आवाज येतो, तो दोष नाही. त्यात टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकायचं नाही. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, डायपर टाकलं की नळी तुंबते, आणि एकाच नळीवर शेजारच्या अनेक केबिन असल्याने सगळ्यांचं शौचालय बंद पडतं. आमच्या एका सफरीत आमच्या ओळीतली शौचालयं दुपारभर याच कारणाने बंद होती. पाण्याचा फवारा प्रत्येक केबिनमध्ये असेलच असं नाही. एक प्लास्टिकचा मग बरोबर असावा.

केबिन निवडताना किमतीइतकीच जागा बघा. जहाजाचा नकाशा संकेतस्थळावर मिळतो. आपल्या केबिनच्या वर काय आणि खाली काय, हे दोन प्रश्न विचारायचे. वर पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचा मजला असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. पुढच्या टोकाला नांगर सोडताना आणि ओढताना साखळीचा खडखडाट, मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्याची थरथर. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. झोपाळ्याच्या कडेला बसलेला जास्त झुलतो आणि मधला कमी, तसंच. ‘गॅरंटी’ नावाखाली स्वस्त तिकीट मिळतं, त्यात केबिन कंपनी ठरवते. तरुणांना चालेल. ज्याला गाडी लागते किंवा ज्याची झोप हलकी आहे, त्याने हे तिकीट घेऊ नये.

बाल्कनीचे जास्त पैसे द्यावेत का, हा प्रश्न आम्हाला सगळे विचारतात. तीन रात्रींच्या सफरीत आमचं उत्तर ‘नको’ असं आहे. आई-वडील खोलीतच जास्त बसणार असतील तर मात्र जरूर घ्या. खिडकी किंवा बाल्कनी घेताना बाजू बघा. गोव्याकडे जाताना जहाजाची उजवी बाजू पश्चिमेला, म्हणजे मोकळ्या समुद्राकडे असते आणि सूर्यास्त तिकडून दिसतो. परतीला तो डावीकडून. कोकण किनारा बघू म्हणून डावी बाजू घेणाऱ्यांची निराशा होते, जहाज बरंच आत समुद्रातून जातं आणि बराचसा प्रवास रात्री होतो.

वीज आणि फोन थोडक्यात. जुन्या जहाजांवर अमेरिकी पद्धतीचे चपट्या पिनांचे सॉकेटही असतात, म्हणून चपट्या पिनेचा एक अडॅप्टर न्या आणि चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलं आहे ना ते बघा. किनारा दूर गेला की जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क फोनला पकडतं आणि त्याचे दर प्रचंड असतात. बंदर सुटल्यावर फोन विमान मोडवर टाका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दीड दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडे काळजी सुरू होते.

केबिनमध्ये पोचल्यावर पहिलं काम लाइफ जॅकेट कुठे आहेत ते बघणं. कपाटात किंवा पलंगाखाली असतात. मुलांच्या मापाचे वेगळे मागून घ्यावे लागतात. सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षा सराव करावा लागतो. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की कार्डावर लिहिलेल्या आपल्या ठिकाणी जायचं. पूर्वी हा सराव प्रवासी चढल्यापासून २४ तासांत कधीही घेता येत असे. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली तेव्हा नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून सराव निघण्याआधी किंवा निघताच घेणं बंधनकारक झालं. कंटाळवाणा वाटला तरी त्यात एक गोष्ट मनापासून करा: आपल्या केबिनपासून त्या ठिकाणापर्यंतचा जिना पायांनी चालून बघा. आणीबाणीत लिफ्ट वापरायच्या नसतात.

जेवणाकडे येऊ. जहाजावर साधारण दोन प्रकारची जागा फुकट, म्हणजे तिकिटात धरलेली असते: वरच्या मजल्यावरचा बुफे आणि टेबलावर वाढणारं मुख्य भोजनगृह. त्याशिवाय वेगळ्या पैशांची एक-दोन उपाहारगृहं असतात. दारू, डबाबंद पेयं, इंटरनेट, स्पा, गोव्यातली बस सहल हे सगळं वेगळं. पैसे रोख चालत नाहीत, चढताना एक कार्ड देतात, त्यावरच सगळं लिहिलं जातं. तेच कार्ड केबिनची किल्लीही असतं. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्यावी, ते मोफत होतं.

पहिल्या दुपारी सगळे केबिन तयार होईपर्यंत बुफेत जाऊन बसतात. दीड वाजता तिथे ताट घेऊन उभं राहायला जागा नसते. त्याच वेळी मुख्य भोजनगृह उघडं असेल तर ते अर्धं रिकामं असतं, कारण ते उघडं आहे हे कुणाला ठाऊक नसतं. दारावरच विचारा. रात्री टेबलावरच्या जेवणाच्या दोन पंगती असतात, एक सातच्या आसपास आणि दुसरी सव्वानऊच्या आसपास. नाशिकला आठ-साडेआठला जेवणारी माणसं दुसरी निवडतात आणि मग ती रेंगाळून अकराला उठतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर पहिलीच घ्या. पंगत बदलायची असेल तर चढल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सांगावं लागतं, नंतर जागा भरते.

जैन जेवण मिळतं, चांगलं मिळतं, पण बुफेत त्याचा कोपरा वेगळा असतो आणि पाटीशिवाय कळत नाही. उपवासाचं मात्र आपोआप मिळत नाही. सोमवार किंवा संकष्टी सफरीत येत असेल तर आदल्या दिवशी मुख्य वाढप्याला सांगायचं: ‘कांदा-लसूण नको’ एवढंच नव्हे, तर ‘धान्य नको, साधं मीठ नको, साबुदाणा, बटाटा, दही, फळं, शेंगदाणे चालतील’. उपवास म्हणजे काय हे दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या देशातल्या स्वयंपाक्याला ठाऊक नसतं. पदार्थांची नावं घेण्यापेक्षा जिन्नस सांगितले की ताट बरोबर येतं. सैंधव पाकिटातून बरोबर नेलेलं बरं. तिखटाची सवय असलेल्यांना तिथलं जेवण सपक लागतं. मिसळीची अपेक्षा ठेवू नका, पण हिरव्या मिरचीचा ठेचा मागितला तर स्वयंपाकघरातून वाटीभर येतो, हा आमचा अनुभव. चहा यंत्रातला असतो. दूध आणि चहा वेगळा उकळून देणारा एक काउंटर बहुधा बुफेच्या टोकाला सापडतो, सकाळी सातच्या आत गेलात तर.

हात साबणाने धुवा, दर वेळी. दारात सॅनिटायझर ठेवलेला असतो, पण जहाजावर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरने नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी हेच खरं. बुफेतले मोठे चमचे शेकडो हातांनी धरलेले असतात, ताट वाढून घेतल्यावर हात धुऊन मग जेवायला बसणं सर्वांत चांगलं. पोट बिघडलं तर लपवू नका, जहाजावरच्या दवाखान्यात सांगा. तिथली तपासणी सशुल्क असते, म्हणून प्रवास विमा असावा.

समुद्र लागणं याचा जेवणाशी संबंध आहे. रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. थोडं, कोरडं, वारंवार खा: खारी बिस्किटं, सफरचंद, आलेपाक. गाडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून अवोमिनसारखी गोळी जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. तिने झोप येते, तिच्यासोबत दारू नको, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. गोळीशिवाय करायचं म्हणजे मधल्या मजल्यावर, मधोमध, मोकळ्या हवेत उभं राहून क्षितिजाकडे बघायचं. फोनमध्ये डोकं घालून पलंगावर पडणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण डोळे म्हणतात स्थिर आहोत आणि कान म्हणतात हलतोय.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, गेटपर्यंत बसने जावं लागतं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, म्हणजे तासभर. मंगेशी साधारण तेवढंच दूर, आणि पुढे कवळ्याची शांतादुर्गा धरली तर दिवस पुरता जातो. परत चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या तासभर आधीची असते. जहाज उशिरा आलेल्यांसाठी थांबत नाही. पुढचा हिशोब मागून करा: परत चढण्याची वेळ, त्याआधी एक तास राखीव, त्याआधी एक तास रस्ता. बहुतेक वेळा हातात तीन तास उरतात, दोन ठिकाणांपेक्षा जास्त ठरवू नका. जिन्याशी पहिला तासभर झुंबड असते. सगळे उतरायला धावतात तेव्हा शांतपणे नाश्ता करून दहानंतर उतरलं तर टॅक्सीही लवकर मिळते. भाडं बसण्याआधी, परतीसकट ठरवा. ज्यांना न उतरता जहाजावरच राहायचं आहे त्यांना तो दिवस पोहण्याच्या तलावाजवळ सर्वांत निवांत. काही सफरी गोव्यातच संपवता येतात. तसं केलं तर मडगावहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस मुंबईत न जाता पनवेल-कल्याणमार्गे थेट नाशिकरोडला येते.

उतरण्याची सकाळ ही सफरीतली सर्वांत गोंधळाची वेळ, आणि तिची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होते. केबिनमध्ये रंगीत पट्टे आणि एक कागद ठेवतात. प्रत्येक रंगाची उतरण्याची वेळ वेगळी असते. मोठी बॅग पट्टा बांधून रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायची, ती रात्रीतून खाली जाते आणि सकाळी टर्मिनलमध्ये मिळते. यातली नेहमीची चूक अशी, की सकाळचे कपडे, चप्पल, औषधं, दात घासायचा ब्रश सगळं त्या बॅगेत जातं आणि माणूस रात्रीच्या कपड्यांत अडकतो. सकाळचे कपडे आधी पलंगावर काढून ठेवा, मगच बॅगेची चेन लावा. दुसरा पर्याय म्हणजे स्वतःची बॅग स्वतः घेऊन सर्वांत आधी उतरणं. तो फक्त त्यांनीच घ्यावा ज्यांना बॅग उचलून जिने उतरता येतात, कारण त्या वेळी लिफ्टसमोर अर्धा तास जातो. दुपारी बारानंतरची हिंगोली जनशताब्दी किंवा एकनंतरची वंदे भारत पकडायची असेल तर सुरुवातीच्या रंगाचा पट्टा मागून घ्या, स्वागतकक्षात कारण सांगितलं की देतात. पंचवटी संध्याकाळी सव्वासहाची आहे, तिने जाणार असाल तर शेवटचा रंग घ्या आणि धावपळ करू नका.

बिलाची गोष्ट महत्त्वाची. शेवटच्या रात्री जेवणानंतर, नऊच्या सुमारास, स्वागतकक्षातून खात्याची छापील प्रत मागा आणि ओळ न् ओळ बघा. सकाळी सातला तीच रांग तासभराची होते आणि चूक सापडली तरी भांडायला वेळ नसतो. चुका कुठे असतात? न उघडलेल्या पाण्याच्या बाटल्या, रद्द केलेली सहल, शेजारच्या टेबलाची पेयं, आणि दर माणशी दर दिवशी लागणारं सेवाशुल्क, जे काही वेळा तिकिटातच भरलेलं असतं. आमच्या खात्यावर एकदा शेजारच्या केबिनची पेयं लागली होती. रात्री दाखवली म्हणून दहा मिनिटांत निघाली. क्रेडिट कार्डावर चढताना अडवून ठेवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागतात, त्यासाठी डेबिट कार्ड देऊ नका, घरखर्चाचे पैसे अडकतात.

केबिन आठच्या सुमारास रिकामी करायला सांगतात. तिजोरी, कपाटाचा वरचा कप्पा, न्हाणीघराच्या दारामागचा हुक आणि उशीखाली एकदा हात फिरवा. तिजोरीतल्या दागिन्यांबरोबर आपली एक चप्पल ठेवायची युक्ती चांगली आहे, चप्पल शोधताना तिजोरी उघडावीच लागते. नाश्ता साडेसहालाच उरकून घ्या.

उशीर का होतो, हे माहीत असलं की चिडचिड कमी होते. जहाज बंदराजवळ आल्यावर बंदराचा पायलट चढतो आणि त्याच्या मार्गदर्शनाने ते धक्क्याला लागतं. त्याआधी धक्का रिकामा असावा लागतो. मग बंदराच्या अधिकाऱ्यांची मंजुरी, मग उतरायचा पूल. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक मोठ्या भरतीच्या दिवसांत पाच मीटरच्या जवळपास जातो, जहाज पाण्याबरोबर वर-खाली होतं आणि पूल कधी तीव्र उताराचा होतो, कधी दुसऱ्या मजल्यावर हलवावा लागतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला त्या वेळी थांबवतात ते याच कारणाने. आमच्या एका सफरीत चाळीस मिनिटं उतरणं थांबलं आणि आपला रंग पुकारण्याआधीच शेकडो लोक जिन्यात उभे राहिले. तिथे ना हवा, ना बसायला जागा. रंग पुकारेपर्यंत बुफेच्या मजल्यावर किंवा थिएटरमध्ये बसून राहा, घोषणा तिथेही ऐकू येते.

टर्मिनलमध्ये बॅगा रंगानुसार मांडलेल्या असतात. निम्म्या काळ्या ट्रॉली बॅगा एकसारख्या दिसतात. मुठीला लाल नाडी किंवा जुन्या साडीचा काठ बांधा आणि हॉलमधून बाहेर पडण्याआधी पट्ट्यावरचं नाव वाचा. चाक तुटलं असेल तर तिथेच नोंद करून प्रत घ्या. बाहेर पडल्यावर कुणी ऐकत नाही.

घरी पोचल्यावर ओट्याशी उभं राहिलं की जमीन हलल्यासारखी वाटते, आंघोळीला डोळे मिटले की जास्तच. तीन दिवस सवय झालेलं शरीर अजून जहाज सांभाळत असतं, बहुतेकांना एक-दोन दिवसांत ते थांबतं. आठवड्यानंतरही राहिलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं. त्या दिवशी रात्री नाशिकरोडला ठेवलेली दुचाकी काढून घरी जायचा विचार करू नका, स्टेशनबाहेरून रिक्षा करा आणि गाडी दुसऱ्या दिवशी आणा.